पगार नसला तरी ते कामच : परदेशातील बिनपगारी इंटर्नशिप आणि व्हिसाचे नियम

पदवीच्या शेवटच्या वर्षात किंवा पदवी हाती येताच परदेशातील एखाद्या संस्थेत काही महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा, अशी इच्छा आज अनेक विद्यार्थी बाळगून असतात. हॉटेल व्यवस्थापन, वास्तुशास्त्र, अभियांत्रिकी, वैद्यक, पत्रकारिता, समाजकार्य अशा कितीतरी शाखांत हा अनुभव मोलाचा मानला जातो. ज्याला पूर्वी आपण 'उमेदवारी' म्हणत असू, त्यालाच आता 'इंटर्नशिप' हे नाव रूढ झाले आहे. पुष्कळ ठिकाणी ही उमेदवारी बिनपगारी असते. विमानाचे भाडे, राहणे, जेवणखाण हा सारा भार आईवडिलांनी उचलायचा आणि मुलाने किंवा मुलीने अनुभवाचे प्रमाणपत्र घेऊन परतायचे, असा हा व्यवहार असतो.

येथेच एक गैरसमज घर करतो. 'पगार तर घ्यायचा नाही, दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, मग पर्यटकाचा व्हिसा पुरेसा आहे', असे विद्यार्थी व पालक मनाशी ठरवून टाकतात. कधी एजंट तसे सांगतो, तर कधी बोलावणाऱ्या परदेशी संस्थेलाच आपल्या देशाचा नियम ठाऊक नसतो. या समजुतीची किंमत मात्र एजंट मोजत नाही, संस्थाही मोजत नाही. ती मोजतो विद्यार्थी, आणि कधी कधी पुढची अनेक वर्षे. यास्तव हे नियम नेमके काय आहेत आणि ते तसे का आहेत, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कायदा काय विचारतो?

व्हिसा अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न 'तुम्हाला किती पैसे मिळणार?' हा नसतो. 'तुम्ही तेथे जाऊन काय करणार?' हा असतो. सर्व गुंतागुंत या एका फरकात साठलेली आहे.

कॅनडाच्या नियमावलीतील व्याख्या या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे 'काम' याचे दोन अर्थ दिले आहेत. ज्याबद्दल वेतन किंवा दलाली मिळते ते काम होयच. परंतु कॅनडाचे नागरिक व कायम रहिवासी रोजगाराच्या बाजारात जे करतात, त्याच्याशी थेट स्पर्धा करणारी कृतीदेखील कामच ठरते. म्हणजे एक डॉलरही न घेता एखाद्या कार्यालयात दररोज आठ तास आराखडे काढून दिले, तरी तेच आराखडे स्थानिक माणूस पगार घेऊन काढू शकला असता, एवढ्यावरून ते काम ठरू शकते.

ब्रिटनने तर शंकेला जागाच ठेवलेली नाही. पाहुणा म्हणून येणाऱ्याने काय करू नये याची जी यादी तेथील नियमांत आहे, तीत नोकरी व व्यवसाय यांच्याबरोबर 'कार्यानुभव किंवा इंटर्नशिप' असा स्वतंत्र उल्लेख आहे. ती पगारी की बिनपगारी, असा भेद तेथे केलेला नाही.

अमेरिकेचे धोरण 'पाहणे' आणि 'करणे' यांत रेषा ओढते. एखाद्या व्यवसायाचे कामकाज कसे चालते हे केवळ पाहण्यासाठी, स्वखर्चाने येणाऱ्यास 'बी-१' हा व्यावसायिक भेटीचा व्हिसा मिळू शकतो. परंतु प्रत्यक्ष काम करीत अनुभव मिळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने त्यासाठी असलेल्या प्रशिक्षणाच्या किंवा विनिमयाच्या वर्गातूनच यावे, अशी अपेक्षा असते. हात मागे बांधून उभे राहणे ही भेट झाली; हात कामाला लागले की ती उमेदवारी झाली.

हा नियम कशासाठी?

वरवर पाहता हा नियम कठोर वाटेल. शिकू पाहणाऱ्या मुलाने कोणाचे काय बिघडवले, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु फुकट राबणारा माणूस जेथे सहज मिळतो, तेथे पगारी माणसाची जागा धोक्यात येते, आणि राबणाऱ्याचेही शोषण होते. अमेरिकेत हा वाद न्यायालयात गेला होता. 'ब्लॅक स्वान' या चित्रपटाच्या निर्मितीत बिनपगारी राबलेल्या तरुणांनी फॉक्स सर्चलाइट या कंपनीवर दावा केला. २०१३ साली कनिष्ठ न्यायालयाने त्यांना कर्मचारी ठरविले. २०१५ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि नवा निकष घालून दिला : या व्यवस्थेचा मुख्य लाभ कोणाला होतो? विद्यार्थ्याला, की मालकाला? अमेरिकेच्या कामगार खात्याने जानेवारी २०१८ मध्ये हाच निकष स्वीकारला. उमेदवारी अभ्यासक्रमाशी जोडलेली आहे का, तीत खरे शिक्षण मिळते का, ती पगारी माणसाची जागा घेते का, अशा सात गोष्टी त्यात तपासल्या जातात.

म्हणून बिनपगारी इंटर्नशिपला दोन कायद्यांची कसोटी असते. एक व्हिसाचा, दुसरा कामगारांचा. व्हिसा योग्य असूनही मालकाने पगार देणे बंधनकारक असू शकते. आणि मालकाने पगार न देणे कायदेशीर असूनही व्हिसा चुकीचा असू शकतो.

अमेरिका : 'जे-१' व्हिसा

भारतातील महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अमेरिकेतील इंटर्नशिपचा सरळ मार्ग म्हणजे 'जे-१' हा विनिमय-अभ्यागताचा व्हिसा. त्यातील 'इंटर्न' या वर्गात, अमेरिकेबाहेरील महाविद्यालयात सध्या शिकत असलेला किंवा इंटर्नशिप सुरू होण्यापूर्वी बारा महिन्यांच्या आत पदवी घेतलेला विद्यार्थी बसतो. कालावधी जास्तीत जास्त बारा महिने असतो आणि आठवड्याला किमान ३२ तास काम असावे लागते. विद्यावेतन मिळालेच पाहिजे अशी अट नाही. मात्र खर्च कोण करणार हे दाखवावे लागते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ज्या कंपनीत काम करायचे, तिने नुसते पत्र पाठवून भागत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था मध्ये असावी लागते. ती 'डीएस-२०१९' हे प्रमाणपत्र देते आणि त्याआधी 'डीएस-७००२' हा प्रशिक्षणाचा आराखडा भरून घेते. विद्यार्थी कोणत्या विभागात किती आठवडे राहील, काय शिकेल, त्याच्यावर देखरेख कोण करील, त्याला काही मोबदला मिळेल का, हे सारे त्यात लिहिलेले असते. त्यावर विद्यार्थी, कंपनी आणि प्रायोजक अशा तिघांच्या सह्या असतात. कारकुनी काम एकूण कामाच्या वीस टक्क्यांहून अधिक असता कामा नये. मुले सांभाळणे, वृद्धांची शुश्रूषा, रुग्णसेवा आणि अकुशल मजुरी यांना या वर्गात मनाई आहे. हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांची इंटर्नशिप सहा महिने किंवा त्याहून अधिक असेल, तर त्यांना किमान तीन विभागांत फिरवावे लागते. सहा महिने केवळ खोल्या आवरून घेणारे हॉटेल हा नियम मोडीत असते.

आरोग्य विमा सक्तीचा आहे. २०१५ पासून प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी किमान एक लाख डॉलरचे संरक्षण असावे लागते. व्हिसा-शुल्काशिवाय विद्यार्थी-नोंदणीचे वेगळे शुल्क असते. 'जे-१' इंटर्नसाठी ते २०१९ साली २२० डॉलर ठरले. प्रायोजक संस्थेचे शुल्क त्याहून निराळे. 'बिनपगारी' या शब्दामागे किती खर्च दडलेला असतो, हे पालकांनी आधीच जोखावे.

पूर्वी अनेक भारतीयांना 'जे-१' नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होई, कारण भारताचे नाव कौशल्यांच्या यादीत होते. डिसेंबर २०२४ मध्ये सुधारलेल्या यादीतून ते वगळण्यात आले. सरकारी निधीतून आलेल्यांना आणि वैद्यकीय पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी आलेल्यांना मात्र ही अट आजही लागू होते. तसेच जून २०२५ पासून 'जे' आणि विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी खुली ठेवण्यास सांगितले जाते.

जे आधीच अमेरिकेत शिकत आहेत

'एफ-१' या विद्यार्थी व्हिसावर तेथील विद्यापीठात शिकणाऱ्यांनाही 'पगार नाही, मग परवानगी कशाला?' असा मोह होतो. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंटर्नशिप करायची असेल, तर सर्वसाधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर विद्यापीठातील नियुक्त अधिकाऱ्याकडून तशी नोंद करून घ्यावी लागते. या मार्गाने बारा महिने किंवा अधिक काळ पूर्णवेळ काम केले, तर त्या पदवीनंतरच्या ऐच्छिक प्रशिक्षणाचा हक्क संपतो.

पदवीनंतरचे हे प्रशिक्षण बारा महिन्यांचे असते आणि त्यात एकूण ९० दिवसांहून अधिक काळ बेकार राहता येत नाही. या काळात आपल्या विषयाशी संबंधित, आठवड्याला किमान वीस तासांचे बिनपगारी काम, ते कामगार कायद्यात बसत असल्यास, धरले जाते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणाऱ्या पुढील चोवीस महिन्यांच्या वाढीत मात्र बिनपगारी काम चालत नाही. एकाच देशात, एकाच विद्यार्थ्याला, दोन टप्प्यांवर दोन भिन्न नियम लागू होतात, ते असे.

ब्रिटन

भारतात शिकणाऱ्याला ब्रिटनमध्ये इंटर्नशिप करायची असल्यास 'शासनमान्य विनिमय' या तात्पुरत्या कामाच्या व्हिसाचा मार्ग आहे. कार्यानुभवाच्या योजनांत त्याची मुदत बारा महिन्यांपर्यंत असते. एखाद्या कंपनीला येथे परस्पर प्रायोजक होता येत नाही; मान्यताप्राप्त योजना चालविणाऱ्या संस्थेकडून प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र यावे लागते. प्रायोजकाने निर्वाहाची हमी घेतली नसेल, तर १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते.

पदवीधरांसाठी आणखी एक वाट फेब्रुवारी २०२३ मध्ये खुली झाली. १८ ते ३० वयोगटातील भारतीय पदवीधरांना सोडतीद्वारे दोन वर्षांपर्यंत ब्रिटनमध्ये राहून काम करता येते. त्यासाठी २,५३० पौंड शिल्लक दाखवावी लागते. या व्हिसावर प्रायोजकाची गरज नाही. ज्याची निवड होते, त्याला बिनपगारीच काय, पगारी कामही करता येते.

ब्रिटनमध्ये पदवीचे शिक्षण घेत असलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास कामाची मर्यादा असते. बिनपगारी कामाचे तासही या वीस तासांत मोजले जातात. धर्मादाय संस्थेत मन मानेल तेव्हा हातभार लावणे वेगळे, आणि ठरलेल्या वेळी, ठरलेले काम करण्याचे बंधन असणे वेगळे. दुसरे काम विनामूल्य असले तरी मोजले जाते.

जर्मनी आणि फ्रान्स

जर्मनीत आपल्या विषयाशी संबंधित इंटर्नशिपसाठी परदेशी विद्यार्थ्याने सामान्यतः चार सत्रे पूर्ण केलेली असावी लागतात. कालावधी बारा महिन्यांपर्यंत असतो आणि तेथील केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप बिनपगारी असू शकते. परंतु स्वेच्छेने केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांहून लांबली, तर २०१५ पासून लागू असलेला किमान वेतनाचा कायदा तिला लागू होतो.

फ्रान्समध्ये विद्यार्थी, महाविद्यालय आणि यजमान संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार असावा लागतो. दोन महिन्यांहून अधिक काळाच्या इंटर्नशिपला किमान विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. म्हणून फ्रान्समधील एखाद्या संस्थेने सहा महिन्यांची 'बिनपगारी संधी' देऊ केली, तर विद्यार्थ्याने आनंदून जाण्यापूर्वी कराराची मागणी करावी.

वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी सवलती

या सर्व नियमांना वैद्यकीय क्षेत्रात काही अपवाद आहेत. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्यास, आपल्या अभ्यासक्रमाचा मान्य भाग म्हणून, अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मोबदला न घेता 'इलेक्टिव्ह' करायची असल्यास 'बी-१' व्हिसा चालतो. पदवी घेतलेल्या डॉक्टरला मात्र या व्हिसावर केवळ निरीक्षण करता येते, रुग्णाला हात लावता येत नाही. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून विद्यार्थ्याला बिनपगारी इलेक्टिव्ह करता येते, परंतु रुग्णावर उपचार करण्यास मनाई असते. कॅनडात आरोग्य शाखेच्या विद्यार्थ्यांना, त्या क्षेत्राच्या नियामक मंडळाची लेखी मान्यता असल्यास, कामाच्या परवान्यातून सूट मिळते. तीन देश, तीन रेषा. एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशात उपयोगी पडेलच असे नाही.

सेवाकार्यासाठी जाणाऱ्यांनी

आपल्या धर्मग्रामांतील काही तरुण-तरुणी एखाद्या धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेमार्फत सेवाकार्यासाठी परदेशी जाण्याचा विचार करतात. सेवा ही सेवा असली, तरी सीमेवरील अधिकाऱ्यापुढे तिचेही नियम असतात.

अमेरिकेत मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवा कार्यक्रमासाठी 'बी-१' व्हिसा मिळू शकतो. स्वयंसेवक त्या संस्थेशी बांधील असावा, त्याला अमेरिकेतून वेतन मिळू नये (राहण्याच्या खर्चाची भरपाई चालते), आणि कार्यक्रमात वस्तूंची विक्री किंवा देणग्या गोळा करणे नसावे, अशा अटी आहेत. संस्थेच्या पत्रात स्वयंसेवकाचे नाव, जन्मतारीख व जन्मस्थान, मायदेशातील कायमचा पत्ता, अमेरिकेत प्रथम जेथे उतरणार तेथील नाव-पत्ता आणि सेवेचा अपेक्षित कालावधी लिहिलेला असावा.

ब्रिटनमध्ये पाहुण्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. त्याहून अधिक काळासाठी धर्मादाय सेवकाचा वेगळा व्हिसा आहे. तो बारा महिन्यांपर्यंत मिळतो आणि त्यावर वेतन घेता येत नाही. तात्पर्य, कंपनीतील इंटर्नशिपला 'सेवाकार्य' असे नाव देऊन या सवलतीत बसविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो निक्षून नाकारावा.

नियम मोडल्यास काय होते?

विमानतळावरील अधिकाऱ्याला सामान तपासण्याचा अधिकार असतो. अमेरिकेत मोबाईल आणि संगणकही तपासले जातात. पासपोर्टवर पर्यटक व्हिसा आणि मोबाईलमध्ये 'सोमवारी सकाळी नऊ वाजता रुजू व्हा' असा निरोप, एवढे पुरेसे होते. झटपट परत पाठविण्याचा आदेश निघाल्यास अमेरिकेत सर्वसाधारणपणे पाच वर्षे प्रवेशबंदी लागते. व्हिसा मिळविताना जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर अपात्रता कायमची असते; पुढे प्रवेश हवा असल्यास खास सूट मागावी लागते. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केल्यास दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात.

याहून मोठे नुकसान नंतर ध्यानात येते. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अर्ज करताना 'आपल्याला पूर्वी व्हिसा किंवा प्रवेश नाकारला आहे काय?' हा प्रश्न विचारला जातो. दोन महिन्यांच्या अनुभवापायी दोन वर्षांच्या शिक्षणाची वाट अडते.

निघण्यापूर्वी

पहिली गोष्ट, यजमान संस्थेकडून सविस्तर पत्र मागवावे. तारखा, दररोजचे तास, कामाचे स्वरूप, देखरेख करणाऱ्याचे पद, मोबदला किंवा त्याचा अभाव आणि खर्च कोण करणार, हे त्यात स्पष्ट असावे. दुसरी गोष्ट, ही इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असल्याचे महाविद्यालयाचे पत्र बोनाफाईड प्रमाणपत्रासह घ्यावे.

तिसरी गोष्ट, प्रायोजकाची मान्यता स्वतः तपासावी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मान्य प्रायोजकांची आणि ब्रिटिश सरकारची परवानाधारक प्रायोजकांची यादी संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येते. चौथी गोष्ट, कोऱ्या अर्जावर सही करू नये. एजंटने भरलेल्या अर्जातील प्रत्येक ओळीची जबाबदारी अर्जदाराची असते, आणि व्हिसाची खात्री देण्याचा अधिकार कोणत्याही एजंटला नाही. पाचवी गोष्ट, परदेशी पोहोचताच भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंद करावी.

नियम व शुल्क वरचेवर बदलतात. अर्ज करण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर काय लिहिले आहे, तेच अंतिम मानावे. आणि योग्य व्हिसा वेळेत मिळण्याजोगा नसेल, तर परदेशी संस्थेचे काम भारतात, आपल्या घरी बसून करता येईल का, हेही विचारून पाहावे. अशा कामासाठी त्या देशाचा व्हिसा लागत नाही, आणि पालकांची पुंजीही शाबूत राहते.

मुलाखतीच्या खिडकीपाशी विद्यार्थ्याला विचारले जाईल, 'तेथे काय करणार?' या प्रश्नाचे खरे उत्तर आणि हातातील व्हिसाचा अर्ज हे दोन्ही एकमेकांशी जुळतात की नाही, एवढे विद्यार्थ्याने व पालकांनी घरी एकत्र बसून आधीच पडताळून पाहावे. जुळत असतील, तर भिण्याचे कारण नाही. जुळत नसतील, तर अर्ज त्याच दिवशी थांबवावा.